ॲलिसबाईंच्या थडग्यापाशी आडवं पडून

ऑक्सफर्डहून बसनं बेन्सनला उतरायचं आणि तिथून शेतांच्या कडेनं पायी यूएल्म गाठायचं, असा बेत भाचीनं आखला होता. मला बघायची होती जेरोम के. जेरोमची कबर. १९२७ साली गेलेल्या या विनोदी लेखकाला यूएल्मच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात पुरलंय. कबर पाच मिनिटांत बघून झाली. तेवढ्यात पाऊस आला म्हणून आडोशाला चर्चमध्ये शिरलो, आणि पुढचे दोन तास ॲलिस चॉसर नावाच्या बाईनं खाऊन टाकले.

हो, त्याच चॉसरची. कवी जेफ्री चॉसरची ही नात. जेफ्रीचे वडील लंडनमध्ये वाइनचा व्यापार करायचे. जेफ्रीचा मुलगा थॉमस पाच वेळा हाउस ऑफ कॉमन्सचा स्पीकर झाला, शिवाय राजाचा चीफ बटलर, म्हणजे राजाच्या वाइनचा कारभारी. म्हणजे फिरून वाइनशीच गाठ! यूएल्मची जहागीर त्याला बायकोकडून, मॉड बरघर्शकडून मिळाली. या दोघांची मुलगी ॲलिस, जन्म १४०४ च्या सुमाराचा. आईवडिलांचं थडगं तिच्या थडग्याला जवळजवळ खेटूनच आहे. वर पितळी पत्र्यात कोरलेली दोघं, आणि चारी बाजूंनी सोयऱ्याधायऱ्यांच्या घराण्यांच्या ढाली. आपल्याकडे लग्नपत्रिकेत खाली सगळी भावकी छापतात ना, अगदी तसं.

ॲलिसचं पहिलं लग्न झालं तेव्हा ती जेमतेम दहा-अकरा वर्षांची. नवरा सर जॉन फेलिप १४१५ मध्ये फ्रान्समधल्या आर्फ्लरच्या वेढ्यात हगवणीनं गेला. दुसरा, सॉल्झबरीचा अर्ल, १४२८ मध्ये ऑर्लेआंच्या वेढ्यात तोफगोळ्यानं जखमी होऊन गेला. तिसरा विल्यम द ला पोल, सफकचा अर्ल. हा हल शहरातल्या लोकरीच्या व्यापाऱ्याच्या वंशातला. १४३० मध्ये वाइनवाल्यांची पोर आणि लोकरवाल्यांचा पोर असं हे लग्न लागलं, आणि १४४८ पर्यंत दोघं ड्यूक आणि डचेस झाली होती.

दोनच वर्षांत सगळं उलटलं. फ्रान्समधल्या पराभवाचं खापर विल्यमवर फुटलं आणि त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. निघण्यापूर्वी त्यानं सात वर्षांच्या मुलाला, जॉनला, पत्र लिहिलं: आईचं सगळं ऐक, तिच्या सल्ल्यानं वाग. मे १४५० मध्ये समुद्रातच त्याला पकडून नावेवर मुंडकं छाटलं आणि धड डोव्हरच्या वाळूत टाकून दिलं. हे वाचताना भाची म्हणाली, "मावशी, मग हिनं काय केलं?"

हिनं खूप काही केलं, बाई. राजद्रोहाचा खटला स्वतःवर आला, त्यातून ती सुटली. इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क ही दोन घराणी भांडत होती. नवरा लँकेस्टर घराण्याचा खांब होता; हिनं पोरासाठी यॉर्क घराण्यातली एलिझाबेथ सून म्हणून आणली. १४६१ मध्ये त्या सुनेचा भाऊ चौथा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. जिला लग्नासाठी इंग्लंडला आणायला ॲलिस एकेकाळी फ्रान्सला गेली होती, ती लँकेस्टरांची राणी मार्गारेट पुढे कैदी झाली, आणि तिला सांभाळायला ठेवलं ते याच ॲलिसच्या हवाली, जवळच्याच वॉलिंगफर्डला. साधीभोळी बाई नव्हती ही. जमिनीवरून नॉरफकच्या पॅस्टन कुटुंबाशी तिचं नि लेकाचं असं वाजलं की १४६५ मध्ये यांच्या माणसांनी त्यांचं हेल्सडनचं घरच लुटलं. मला मात्र जास्त भावली ती १४६६ ची तिच्या सामानाची यादी. तीत क्रिस्तीन द पिझान या लेखिकेचं स्त्रियांच्या नगरीवरचं फ्रेंच पुस्तक आहे, लाल चामड्याच्या बांधणीचं.

चर्चला लागूनच विटांचा चौक आहे. १४३७ मध्ये ॲलिस आणि विल्यमनं तेरा गरीब पुरुष आणि दोन धर्मगुरू यांच्यासाठी तो बांधायला घेतला. राहायला जागा, खर्चाला पैसे, आणि बदल्यात संस्थापकांच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना. आजही तिथं वयस्कर मंडळी राहतात. एका दारापाशी गमबूट वाळत होते. खाली त्याच काळातली शाळा आहे, तीही चालू.

थडगं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. वर अलाबास्टरची ॲलिस, हात जोडलेली, डोक्यावर डचेसचा मुकुट, डाव्या हातावर गार्टर या राजाच्या मानाच्या सरदारमंडळाचा पट्टा. बायकांनी तो कुठे बांधायचा हे ठरवायला व्हिक्टोरिया राणीनं हीच मूर्ती पाहून यायला माणूस पाठवला, असं गावात सांगतात. खाली मात्र दगडी जाळीआड दुसरी ॲलिस. कफन सरकलेलं, बरगड्या वर आलेल्या, केस मागे पसरलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आपलं असं प्रेत घडवून घ्यायला कसलं काळीज लागत असेल!

पण ती कुठे बघतेय? त्या कोंदट पोकळीच्या छताला चित्रं आहेत म्हणे. उभं राहून दिसत नाहीत, वाकूनही नाहीत. मी पर्स बाजूला ठेवली आणि सरळ फरशीवर आडवी झाले. "मावशी, अगं लोक बघतायत!" लोक म्हणजे फुलं लावणारी एक आजीबाई, तिला सवय असावी, मानही वळवली नाही. जाळीला गाल टेकवला तेव्हा वर रंग दिसले: मेरीला देवदूताचा निरोप, मेरी मॅग्डलीन, बाप्तिस्मा देणारा जॉन. गेली साडेपाचशे वर्षं ती एकटीच बघत पडलीय.

फरशी गार होती, कंबर भरून आली. उठले तर भाची मोबाइल काढून फोटोच्या तयारीत. म्हटलं, ठेव तो, आधी आडवी हो. कुरकुरत झाली. मग बराच वेळ तिकडून काही आवाजच आला नाही, आणि आमची तीनची बस गेली.