तुम्ही विचारलंत म्हणून: एका खेळाडूचे नाव एकदाच का?

मी मित्रांमध्ये गोल्फची हंगामभराची फँटसी स्पर्धा चालवतो हे कळले की ऐकणारा बहुधा एकच प्रश्न विचारतो, आणि तोही किंचित नाराजीने: अमेरिकन गोल्फपटू स्कॉटी शेफलर इतका सातत्याने जिंकतो, तर मग त्याचे नाव दर आठवड्याला का देता येऊ नये? आमच्या स्पर्धेत एका गोल्फपटूचे नाव प्रत्येकाला संपूर्ण हंगामात एकदाच वापरता येते. हा नियम शिथिल करावा, निदान दोनदा तरी मुभा द्यावी, अशी मागणी कोणी ना कोणी करतच असते. त्यावर मी तोंडी जे उत्तर देतो ते घाईचे असते, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

खेळाची रीत अगदी साधी आहे. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धा-मालिकेचा मुख्य हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि ऑगस्टच्या अखेरीस फेडेक्स कपच्या प्लेऑफने, म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणाऱ्या अखेरच्या स्पर्धांनी, संपतो. दर आठवड्याच्या स्पर्धेसाठी प्रत्येकाने एकच नाव कळवायचे, रविवारी त्या खेळाडूला बक्षिसाची जी रक्कम मिळेल ती कळवणाऱ्याच्या खात्यात जमा धरायची, आणि ते नाव त्याच्या यादीतून कायमचे खोडायचे. खेळाडू पहिल्या दोन दिवसांनंतरच्या चाळणीत, म्हणजे कटमध्ये, गळाला तर पदरी शून्य पडते, आणि नाव तरीही खर्ची पडलेलेच राहते. नेहमीच्या स्पर्धेत ३६ होलनंतर पहिले ६५ आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले एवढेच पुढे जातात, त्यामुळे हे शून्य कोणालाही चुकत नाही.

फँटसी गोल्फ असेच असावे असे काही नाही. अमेरिकेत फँटसी फुटबॉलचा पाया १९६२ मध्ये घालणारे बिल विंकनबाख यांनी त्याआधी, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, मित्रांसाठी गोल्फचाच असा खेळ रचला होता. त्यात प्रत्येकाने व्यावसायिक खेळाडूंचा एक चमू निवडायचा आणि ज्याच्या चमूचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकायचा. एका स्पर्धेपुरता हा प्रकार उत्तम आहे. मात्र हंगामाच्या सुरुवातीला चमू वाटून घेऊन तोच ऑगस्टपर्यंत चालवायचा म्हटले, तर ज्याच्या वाट्याला शेफलर आला त्याचे काम मार्चमध्येच संपते. २०२४ मध्ये शेफलरने टूरवरच्या सात स्पर्धा जिंकल्या आणि वर ऑलिंपिकचे सुवर्णपदकही मिळवले. तशा वर्षी बाकीच्यांनी एप्रिलनंतर गुणतक्ता उघडून तरी काय पाहायचे?

नाव एकदाच वापरायचे म्हटले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. चांगला खेळाडू कोण, हे सगळ्यांनाच ठाऊक असते; तो कधी वापरायचा, हे कोणालाच ठाऊक नसते. आणि हे ‘कधी’ अवघड होते ते बक्षिसांच्या रकमांमुळे, कारण सगळे आठवडे सारख्या मोलाचे नसतात. नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के मिळतात. मार्चमध्ये सॉग्रास येथे होणाऱ्या प्लेअर्स चॅम्पियनशिपची एकूण रक्कम २०२५ मध्ये २ कोटी ५० लाख डॉलर होती, म्हणजे विजेत्याला ४५ लाख. त्याच वर्षी मे महिन्यातल्या बायरन नेल्सन स्पर्धेची रक्कम ९९ लाख होती, म्हणजे विजेत्याला १७ लाख ८२ हजार. म्हणून नेल्सन जिंकणारा खेळाडू अचूक ओळखणाऱ्याला जे मिळते, त्याच्या अडीचपट प्लेअर्सचा विजेता ओळखणाऱ्याला मिळते.

ही नेल्सन स्पर्धा माझ्या उत्तराचा सर्वांत चांगला पुरावा आहे. २०२५ मध्ये तेथे शेफलर आठ फटक्यांनी जिंकला. त्या आठवड्यात स्पर्धकांची फळी तुलनेने दुबळी होती आणि शेफलर टेक्सासमध्ये, घरच्या मैदानाजवळ खेळत होता, तेव्हा त्याचे नाव देण्यात काहीच गैर नव्हते. ज्याने दिले त्याला पहिले बक्षीस मिळाले. पण दोन आठवड्यांनी क्वेल हॉलो येथे पीजीए चॅम्पियनशिपही, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मानाच्या ‘मेजर’ स्पर्धांपैकी एक, शेफलरनेच जिंकली, तिचे पहिले बक्षीस ३४ लाख २० हजार. आणखी दोन आठवड्यांनी त्याने मेमोरियल जिंकली, तिचे ४० लाख. अचूक निवड करूनही माणूस महिनाभर हळहळत बसतो, अशी स्थिती दुसऱ्या कोणत्या नियमाने निर्माण झाली असती असे मला वाटत नाही. उलट हुकमाचा एक्का फार जपून ठेवणाऱ्याचेही हाल होतात, कारण खेळाडूची लय जाते, मनगट दुखावते, किंवा तो त्या आठवड्यात खेळतच नाही. २०२४च्या नाताळात काच फुटून शेफलरच्या तळहाताला जखम झाली आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या काही स्पर्धांना तो मुकला. जानेवारीचे बेत त्याच्या भरवशावर आखणाऱ्यांना ते सगळे पुन्हा मांडावे लागले.

दुसरा परिणाम मला याहून मोलाचा वाटतो. हंगामभरात तीसहून अधिक वेगवेगळी नावे लागतात, त्यामुळे नामवंत दहा-बारा खेळाडू संपले की प्रत्येकाला क्रमवारीत खाली उतरून शोध घ्यावा लागतो. कोणाचा लांब पल्ल्याचा फटका सरळ जातो, कोण वाऱ्यात टिकतो, कोणाला कोणत्या प्रकारच्या गवतावर पटिंग (होलजवळून चेंडू हळूच आत ढकलणे) जमते, हे सारे मग आपोआप वाचले जाते. एरवी रविवारी शेवटच्या गटाकडेच पाहणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी कटच्या रेषेवर लटकलेल्या, कोणाच्या गावीही नसलेल्या एखाद्या खेळाडूसाठी जीव मुठीत धरून बसतो. कट नसलेल्या स्पर्धांचेही मोल मग कळू लागते. २०२४ आणि २०२५ मध्ये टूरच्या आठ सिग्नेचर स्पर्धांपैकी (मोठ्या बक्षिसाच्या, मोजक्या खेळाडूंच्या) पाचांमध्ये कट नव्हता, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्यालाही काहीतरी मिळणारच. मोठा खेळाडू अशा सुरक्षित आठवड्यात वापरावा की मेजरमध्ये, यावर आमच्यात एकमत झालेले नाही आणि होऊही नये.

आता हिशेबाविषयी, कारण दुसरा प्रश्न तोच असतो. मी गुणांची स्वतःची पद्धत बनवत नाही. टूरने जाहीर केलेली अधिकृत रक्कम जशीच्या तशी घेतो. बरोबरी झाली तर त्या क्रमांकांची बक्षिसे एकत्र करून सारखी वाटली जातात. ती वाटणीही टूरच करतो. या पद्धतीची खरी कसोटी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस स्पर्धेत लागली असती. ती निक डनलॅपने जिंकली, पण तो तेव्हा हौशी खेळाडू, महाविद्यालयीन विद्यार्थी होता, आणि हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम घेता येत नाही. पहिल्या बक्षिसाचे १५ लाख १२ हजार डॉलर दुसऱ्या आलेल्या क्रिस्तियान बेझुइडेनहाउटला मिळाले. डनलॅपचे नाव देण्याचे धाडस करणाऱ्याला आमच्या नियमाने शून्यच मिळाले असते. हा अन्याय आहे, हे मला मान्य आहे. तरीही मी नियम बदलणार नाही. संयोजकाने एकदा स्वतःच्या न्यायबुद्धीने आकडे दुरुस्त करायला घेतले की पुढच्या प्रत्येक आठवड्याला त्याच्याकडे अर्ज येतात.

काही आठवडे मात्र आम्ही वगळतो. न्यू ऑर्लिन्सची झुरिक क्लासिक २०१७ पासून जोड्यांनी खेळली जाते आणि तेथे एक नाव देण्याला अर्थ उरत नाही. हंगामाची अखेरची टूर चॅम्पियनशिप तीसच खेळाडूंची असते, आणि ते तीसही तोवर बहुतेकांच्या यादीतून खोडले गेलेले असतात. शिवाय २०१९ ते २०२४ या काळात तेथे अव्वल खेळाडू दुसऱ्यापेक्षा दोन आणि शेवटच्या खेळाडूंपेक्षा दहा फटक्यांच्या आघाडीने सुरुवात करत असे, त्यामुळे ती आमच्या उपयोगाची कधीच नव्हती.

मुदतीचा नियम कठोर आहे: पहिल्या गटाचा पहिला फटका बसला की दार बंद. ब्रिटनमधल्या ओपन या मेजरला यामुळे नेहमी घोळ होतो, कारण तेथे पहिला गट सकाळी साडेसहाच्या सुमारास निघतो आणि तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून दीडच वाजलेला असतो. म्हणून त्या आठवड्यात मी आठवण एक दिवस आधी पाठवतो. मुख्य नावाबरोबर एक पर्यायी नावही घेतो. मुख्य खेळाडूने खेळायला उतरण्यापूर्वीच माघार घेतली तर पर्यायी धरले जाते, एक फटका मारून माघार घेतली तर नाही. नाव पाठवायलाच जो विसरतो त्याला शून्य. त्याच्या यादीतला क्रमवारीत सर्वांत वरचा खेळाडू आपोआप द्यावा, अशी सूचना एकदा आली होती. पण एखाद्या किरकोळ आठवड्यात रोरी मॅकिलरॉयसारखा अव्वल खेळाडू खर्ची पडणे ही शून्यापेक्षा किती तरी मोठी शिक्षा आहे.

मुदत संपेपर्यंत सगळी नावे झाकलेली असतात, आणि संपताच सर्वांची सर्वांना दिसतात. हे ऑगस्टमध्ये फार महत्त्वाचे ठरते. तोवर गुणतक्त्यातल्या आघाडीपेक्षा कोणाच्या यादीत कोण उरले आहे याला अधिक वजन आलेले असते. ज्याच्याकडे दहा लाख डॉलरची आघाडी आहे पण वापरण्याजोगे एकही मोठे नाव नाही, तो अस्वस्थ असतो. मागून येणाऱ्याने कोणाचे नाव दिले असेल याचा अंदाज बांधून, तेच नाव स्वतःकडे शिल्लक असेल तर तेच देऊन तो त्याची वाट अडवू पाहतो. नावे आधीच उघड असती तर ही अडवणूक फारच सोपी झाली असती.

मी स्वतःही खेळतो, आणि सगळी नावे माझ्याकडे येत असल्यामुळे त्यावर शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. म्हणून माझे नाव मी बुधवारी, दुसऱ्या कोणाचेही उघडण्यापूर्वी, सर्वांसमोर जाहीर करतो. याचा तोटा प्लेऑफच्या आठवड्यांत जाणवतो, कारण तक्त्यात माझ्या पुढे आणि मागे असणारे दोघेही ते नाव पाहूनच आपले ठरवतात.