तांब्यात न्यूट्रॉन किती? 35 लिहिण्याआधी

अणूतले कण मोजताना मी आधी अणुअंक लिहून घेते. तांब्याचा अणुअंक 29, म्हणजे प्रोटॉन 29. हा आकडा शेवटपर्यंत हलत नाही, कारण एक प्रोटॉन वाढला की ते तांबं राहतच नाही, जस्त होतं. अणू उदासीन असेल तर इलेक्ट्रॉनही 29.

घोळ होतो तो न्यूट्रॉनपाशी. आवर्तसारणीत तांब्याच्या चौकटीत 63.546 असतं. त्याचे 64 करून 29 वजा केले की 35 येतात. वजाबाकी बरोबर आहे, पण 35 न्यूट्रॉनचं तांबं किरणोत्सारी असतं; पावणेतेरा तासांत निम्मं उरतं. विजेच्या तारेतल्या तांब्यात दोनच समस्थानिकं (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू) असतात: 63 (साधारण 69 टक्के) आणि 65 (31 टक्के). त्यांत न्यूट्रॉन अनुक्रमे 34 आणि 36. चौकटीतला आकडा ही या दोघांची भारित सरासरी. एवढ्या वस्तुमानाचा एकही अणू नसतो.

म्हणून मी अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) संज्ञेच्या डाव्या खांद्यावर, म्हणजे ⁶³Cu मध्ये 63 असतात तिथे, शोधते, चौकटीत नाही. सोडियम, फ्लोरिन, ॲल्युमिनिअम यांचं नैसर्गिक समस्थानिक एकेकच, तिथे पूर्णांक करून चालतं. ब्रोमीन मात्र फसवतं. 79.904 म्हणजे 80च, असं वाटतं; प्रत्यक्षात 79 आणि 81 जवळपास निम्मे-निम्मे असतात.

आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, आला की चिन्हाकडे नीट बघावं लागतं. Cu²⁺ मध्ये अधिक दोन दिसतात म्हणून पुष्कळ जण इलेक्ट्रॉन 31 लिहितात. इलेक्ट्रॉन स्वतः ऋण, तो गेला की धन प्रभार उरतो; म्हणून 27. पडताळा सोपा आहे: प्रोटॉनमधून इलेक्ट्रॉन वजा केले की प्रभार चिन्हासकट यायला हवा. 29 − 27 = +2.

संमिश्र मूलकांत, म्हणजे अनेक अणूंच्या प्रभारित गटांत, आधी सगळ्या अणूंच्या इलेक्ट्रॉनांची बेरीज, प्रभार शेवटी. नायट्रेट (NO₃⁻): 7 + (3 × 8) = 31, ऋण प्रभाराचा 1 धरून इलेक्ट्रॉन 32. अमोनिअम (NH₄⁺): 7 + 4 = 11, त्यातला एक गेला, उरले 10. याच अमोनिअममध्ये नायट्रोजन-14 आणि साधा हायड्रोजन असेल तर न्यूट्रॉन फक्त 7. हायड्रोजनचं 1 − 1 = 0 बघून पुष्कळ जण ते खोडतात. खोडू नका, साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात न्यूट्रॉन नसतोच.