नजर टीव्हीवर, हात ताटलीत

दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. रविवारच्या मॅचला ती पुण्याहून मैत्रिणींना घेऊन लातूरला येणार आहे. "मामा, यावेळी भजी नको हं. इटालियन करू. सगळं हाताने खायचं." खाली यादी: ब्रुस्केत्ता, अरान्चिनी, ग्रिसिनी, आणि काडीला टोचलेलं मोझरेला, टोमॅटो, बेसिल.

हाताने खायचं, हे तिने आम्हाला शिकवावं! बाकी बेसिल आणायचं काम माझ्याकडे आलं. ती तुळशीच्याच कुळातली, पण वृंदावनाला हात लावायचा नाही, अशी तंबी घरातून आधीच मिळाली आहे.

मॅचच्या खाण्याला माझी एकच कसोटी आहे. नजर टीव्हीवरून न हलवता ते हाताला सापडलं पाहिजे, आणि ताटलीपासून तोंडापर्यंत काही सांडता कामा नये. भाजलेल्या शेंगा यात पहिल्या नंबरने पास. अंधारातसुद्धा फोडता येतात. तेल-तिखट लावलेले मुरमुरे काठावर पास. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, माझी जीव की प्राण, पण तिला चमचा लागतो, म्हणून नापास. ग्रिसिनी म्हणजे तुरिनकडच्या पावाच्या बारीक, कडक काड्या. त्यांना पैकीच्या पैकी. अरान्चिनी सिसिलीची: केशर घातलेल्या भाताच्या गोळ्यात खिम्याचा रस्सा किंवा चीज भरून, पावाचा चुरा लावून तळायची. मुठीत मावते, पास. रोममध्ये तिची चुलत बहीण आहे, सुप्ली. तिच्यात टोमॅटोचा भात आणि पोटात मोझरेला, त्यामुळे गरम असताना मोडली की चीजची लांब तार निघते. ती तोडायला दुसरा हात लागतो आणि खालीही बघावं लागतं. सुप्ली ओव्हर संपल्यावरच खावी.

ब्रुस्केत्ता, म्हणजे भाजलेल्या पावाचा काप, मात्र सपशेल नापास. त्यावरचे टोमॅटोचे तुकडे पहिल्याच घासाला शर्टावर येतात. पण तिला नाही म्हणवेना. कारण ती मुळात टोमॅटोची नव्हेच. टोमॅटो युरोपात आला तोच सोळाव्या शतकात, अमेरिकेतून. टस्कनीत अजून नुसती तेलाची खातात, फेत्तुंता म्हणतात तिला. ऑलिव्हचं नवं तेल निघालं की निखाऱ्यावर पाव भाजायचा, त्यावर कच्चा लसूण घासायचा, वरून तेल आणि मीठ. तेल कसं उतरलंय ते असं बघायचं. हे वाचलं आणि मी थेट आमच्या करडईत जाऊन पडलो.

फेब्रुवारी-मार्चात करडई निघायची. काटे इतके, की दवाने जरा मऊ असतात तेवढ्यात, पहाटेच काढायची. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी कुसुम हा वाण दिला, पण त्यालाही काटे होतेच. घाण्यावरून नवं तेल आलं की त्या रात्री कालवण नाही. तव्यावरची ज्वारीची भाकरी, पापुद्रा फोडून आत तेल, वर मीठ, तिखट, ठेचलेला लसूण. तेल कोपरापर्यंत ओघळायचं.

अशाच एका रात्री, ९ मार्च १९९६ ला, विश्वचषकाची उपांत्यपूर्व मॅच होती. बंगळूर, समोर पाकिस्तान. अजय जडेजाने २५ चेंडूंत ४५ करून दिल्या होत्या, तरी आमिर सोहेल आणि सईद अन्वर असे सुटले की बैठकीत कुणी बोलेना. अन्वर गेला. मग सोहेलने व्यंकटेश प्रसादला चौकार मारला आणि बॅट सीमारेषेकडे रोखून काहीतरी सुनावलं. पुढच्याच चेंडूला ऑफ स्टंप उडाला.

काकांनी तो चेंडू पाहिला नाही. भाकरीचा तुकडा धोतरावर पडला म्हणून ते खाली वाकले होते. आरडाओरडा झाला, त्यांनी मान वर केली, आणि लाईट गेली. रिप्लेसुद्धा नाही.

काकू चुलीपुढून तशीच उठून आली, पिठाचे हात घेऊन. "काय झालं वो?"

आम्ही पोरं बोलायच्या आत काकाच सुरू झाले. अंधारात उभे राहून त्यांनी सोहेलची बॅट रोखली, प्रसादचा रनअप घेतला, दांडी उडवली. एकूण एक गोष्ट बरोबर. कुणी त्यांना टोकलं नाही. पुढे कित्येक वर्षं लग्नाकार्यात ती विकेट त्यांच्याकडूनच ऐकायची असा रिवाज पडला, आणि काकू दरवेळी मान डोलवायची. भारत ३९ धावांनी जिंकला होता. त्या मॅचचा काकूने एकही चेंडू पाहिला नव्हता. त्या नाही, अन् पुढच्याही नाही. भाकरी गरम लागते ना आम्हाला.

२०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला इटली पहिल्यांदाच पात्र ठरली, तेव्हा मॅच कुणी बघायची आणि तळत कुणी बसायचं, हा प्रश्न त्यांच्याकडेही आता येईलच. आमच्यापुरतं मी भाचीला लिहून टाकलंय: ब्रुस्केत्ता चालेल, शर्ट गेला तर गेला. पण अरान्चिनीचं तळण टॉसच्या आधी उरकायचं आणि गॅस बंद. गार खायची असेल त्याने खावी, नाहीतर शेंगा आहेतच.