सहा फुटी लेथपासून आमची वाटचाल

2009 च्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला एक गाळा रिकामा होत होता. आतली मशिनं भंगारात वजनावर चालली होती. त्यात कोन पुलीवर पट्ट्याने चालणारा एक सहा फुटी लेथ होता, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून गोल पार्ट काढायचं मशीन. माझे वडील तसल्याच लेथवर तीस वर्षं टर्नर होते, ऑइल इंजिनांचे पार्ट काढायचे. भंगारवाल्यापेक्षा थोडे जास्त पैसे मोजून मी तो उचलला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकला. जुने लेथ दुरुस्त करायची आमची फर्म सुरू झाली ती त्या शेडमध्ये.

दुसऱ्याच दिवशी मी मोठी चूक केली. बेडवर (लेथचा लांब लोखंडी पाया, ज्यावर बाकीचे भाग सरकतात) गंज होता म्हणून अँगल ग्राइंडरला एमरीची चकती लावून तो घासला. बेड चकाचक दिसायला लागला. वडील आले, बेडवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "गंज रॉकेलनं आणि चिंधीनं निघतो रे. माप गेलं ते आता कुठनं आणणार?" दोन खळगे पडले होते, बोटाला लागायचे. आजही नवीन पोरगं कामाला आलं की ही गोष्ट त्याला पहिल्या दिवशी सांगतो.

बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. काम चकाजवळ (तुकडा धरून फिरवणाऱ्या भागाजवळ) चालतं, त्यामुळे हेडस्टॉककडचा, म्हणजे चकाच्या बाजूचा, फूट-दीड फूट भाग खाल्ला जातो आणि टेलस्टॉककडचं, म्हणजे समोरच्या बाजूचं, टोक जवळपास कोरं राहतं. टूल धरून बेडवर सरकणारं सॅडल चकाकडे आलं की डुगडुगतं. जिब नावाची पट्टी आवळून तो सैलपणा काढला तर तेच सॅडल टेलस्टॉककडे अडकतं. डायल (बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) लावल्यावर आमच्या बेडची झीज 0.18 मिमी निघाली. बेड ग्राइंडिंगला पाठवला.

खरं काम त्यानंतरचं. ग्राइंडिंगमुळे सॅडल खाली बसलं आणि एप्रनमधला (सॅडलच्या पुढच्या पेटीतला) हाफ नट लीड स्क्रूच्या रेषेत येईना. लीड स्क्रू म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, आणि हाफ नट त्याला पकडतो. मग सॅडलचा तळ मिलिंगवर थोडा उतरवून टर्साइटची (घर्षण कमी करणाऱ्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवली आणि ती बेडला जुळेपर्यंत हाताने खरवडली. बेडला निळा रंग पातळ लावायचा, सॅडल त्यावर सरकवायचं, उलटं करून बघायचं. निळे ठिपके म्हणजे उंचवटे. ते खरवडायचे, पुसायचं, पुन्हा रंग. एका फेरीत जेमतेम काही मायक्रॉन निघतात. पहिल्या दिवशी सगळ्या सॅडलवर चारच ठिपके उमटले. अकराव्या दिवशी इंचाच्या चौकोनात पंधरा मोजले. वडिलांना तेव्हा बारीक दिसत नव्हतं. सॅडल हाताने पुढे-मागे ओढून ते कुठे अडतंय ते सांगायचे, आणि रंग लावला की तिथेच निळं दिसायचं.

चकातून 150 मिमी बाहेर काढलेल्या बारवर, टेलस्टॉकचा आधार न देता, दोन टोकांना हलका कट घेतला. व्यासांत 0.01 मिमीचा फरक. दुरुस्तीआधी तो 0.12 होता. त्या आठवड्यात गुऱ्हाळाच्या चरकाचे गनमेटल बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) करून दिले, ते आमचं पहिलं बिल.

पुढची अडचण आट्यांची. लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा, आणि गिऱ्हाईक मागायचं मिलिमीटरचं पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. इंच म्हणजे 25.4 मिमी, त्याची पाचपट 127. म्हणून माप अचूक यायला 127 दात्यांचा गिअर लागतो. तो सेटमध्ये नव्हता, कास्टिंग आणून कापून घेतला. 1.5 मिमी पिचला स्पिंडलकडे (चक फिरवणाऱ्या दांड्याकडे) 30 दाते, लीड स्क्रूवर 127. मात्र हाफ नट मधेच उघडायचा नाही. टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवूनच परत आणायचं, नाहीतर पुढच्या कटाला आटा चुकतो.

ते काम बघून शेजारचे वर्कशॉपवाले आपापले लेथ दाखवायला लागले. 2014 साली आम्ही गोकुळ शिरगावला गाळा घेतला. आज आम्ही सहा जण आहोत. बेडला किंवा हेडस्टॉकला तडा असेल तर काम घेत नाही, तोंडावर सांगतो. पुट्टी भरून, रंग मारून 'रिकंडिशन' म्हणून विकलेले लेथ आमच्याकडे येतात तेव्हा मला मनापासून राग येतो. घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढून धंद्यात उतरलेला नवखा पोरगा असतो. आमच्याकडे रंग सगळ्यात शेवटी, टेस्ट कटचं माप गिऱ्हाइकाने स्वतः मायक्रोमीटरवर घेतल्यावर.

पहिला लेथ विकला नाही. दारापाशी उभा आहे, खंडेनवमीला पहिला हार त्याला. 127 चा गिअर मागच्या भिंतीवर खिळ्याला असतो. सध्या शेजारी एक आठ फुटी लेथ उघडून ठेवलाय. त्याच्या सॅडलवर काल इंचाला सहा ठिपके आले, अजून आठवडाभर लागेल.