चार ट्रान्सड्यूसर लावले म्हणजे चौपट वेग?

आमच्या टीममध्ये कुणी नवीन आलं की हा प्रश्न ठरलेला: वायफाय राउटरला चार अँटेना असतात, मग पाण्याखालच्या मोडेमला (ध्वनीने डेटा पाठवणाऱ्या यंत्राला) चार ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडणारी उपकरणं, लावून वेग चौपट का करत नाही?

प्रश्न रास्त आहे. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी फार लांब जात नाहीत, म्हणून ध्वनीवर भागवावं लागतं. त्यातही वारंवारता वाढवली की पाणी ध्वनी अधिक शोषतं, त्यामुळे काही किलोमीटरांसाठी हाती उरते जेमतेम काही किलोहर्ट्झ बँडविड्थ (वापरता येणारा वारंवारतांचा पट्टा). तेवढ्यातच एकाच वेळी दोन-तीन डेटाप्रवाह सोडायचे आणि हायड्रोफोनच्या (पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या) रांगेने ते सोडवून घ्यायचे, हा मायमोचा (MIMO, अनेक ट्रान्समीटर आणि अनेक रिसीव्हर) डाव. फॉस्किनी आणि टेलाटार या संशोधकांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या गणितानुसार, सिग्नल पुरेसा जोरदार असेल तर क्षमता साधारण ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांतल्या कमी संख्येच्या प्रमाणात वाढते. पण त्यासाठी सिग्नलच्या वाटा एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या हव्यात, आणि रिसीव्हरला चॅनल, म्हणजे वाटेत सिग्नलचं काय होतं ते, ठाऊक हवं.

पाण्यात घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

समजा, सेकंदाला ५,००० सिम्बॉल (डेटाचे छोटे तुकडे) पाठवतोय. पृष्ठभाग आणि तळ यांवर आपटून येणारे प्रतिध्वनी २० मिलिसेकंद रेंगाळले, तर ते १०० सिम्बॉलांवर पसरतात. म्हणजे एका ट्रान्सड्यूसरमागे प्रत्येक हायड्रोफोनवर चॅनलचे १०० गुणांक (कोणता प्रतिध्वनी किती जोराने आला ते सांगणारे आकडे) शोधायचे. चार ट्रान्सड्यूसर म्हणजे ४०० अज्ञात, आणि सरळ पद्धतीने ते काढायला किमान ४०० पायलट सिम्बॉल (रिसीव्हरला आधीच ठाऊक असलेले), ८० मिलिसेकंदांचे. लाटा खवळलेल्या असल्या तर तेवढ्या वेळात चॅनलच बदललेला असतो. बरेचसे गुणांक शून्याजवळ असतात, त्याचा फायदा घेऊन पायलट कमी करता येतात, पण ती सवलत प्रत्येक पाण्यात मिळत नाही.

डॉप्लर, म्हणजे हलण्यामुळे सिग्नल ताणला किंवा आवळला जाणं, ही डोकेदुखी वेगळीच. ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, त्यामुळे मोडेम बसवलेलं पाण्याखालचं यान सेकंदाला १.५ मीटर वेगाने सरकलं तरी सिग्नल हजारात एक भागाने ताणला किंवा आवळला जातो. सेकंदभराच्या पॅकेटमध्ये पाच सिम्बॉल इकडचे तिकडे! रेडिओवाल्यांना या वेगाने घामही फुटत नाही.

शिवाय एकूण पॉवर तीच ठेवून ट्रान्सड्यूसर दोन केले की प्रत्येकाच्या वाट्याला ३ डेसिबल कमी येतं. बॅटरीवर चालणाऱ्या यानात हे जाणवतं.

म्हणून माझा कल आधी हायड्रोफोन वाढवण्याकडे. ते फक्त ऐकतात, नवा गोंगाट घालत नाहीत. मात्र त्यांना ऐसपैस जागा हवी. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी १५ सेंटिमीटर, त्यामुळे फार चिकटून बसवले तर सगळे जवळपास एकच ऐकतात आणि प्रवाह वेगळे करायला काही उरत नाही. उभ्या दोरीवर अंतर सोडून लावलेली रांग मला बरी वाटते.

ट्रान्सड्यूसर दोनच. तिसरा लावायचा तर आधी टर्बो इक्वलायझर बसवा: डीकोडरने खात्रीने ओळखलेले बिट परत पायलटसारखे वापरायचे, चॅनलचा अंदाज सुधारायचा, पुन्हा डीकोड करायचं. प्रोसेसर तापतो, पण पायलटमध्ये जाणारा वेळ थोडा तरी वसूल होतो.