तिचं त्याच्यावर प्रेम होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे, आणि यापुढे कुणी विचारलं तर हेच वाचायला देणार आहे. दिग्दर्शक आंग लीचा 'लस्ट, कॉशन' हा सिनेमा मी ज्यांना ज्यांना दाखवला, त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं शेवटी एकच विचारलं: तिचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं का? नसेल, तर एका अंगठीपायी तिनं सगळ्यांचे जीव घालवले. असेल, तर ती फितूर. उत्तर काहीही द्या, दोषी तीच.

कथा तुम्हाला ठाऊक आहे. १९४२ चं जपानव्याप्त शांघाय. जपान्यांच्या ताटाखालच्या चिनी सरकारातला गुप्त पोलिसांचा प्रमुख, मिस्टर यी. त्याला सापळ्यात आणायला श्रीमंत व्यापाऱ्याची बायको बनून त्याच्या घरात शिरलेली वाँग च्या-ची. साथीदार रस्त्यावर दबा धरून बसलेले असताना जवाहिऱ्याच्या दुकानात, त्यानं दिलेली अंगठी बोटात असताना, ती त्याला हळूच पळायला सांगते. तो वाचतो. त्याच रात्री सगळ्या गटाला गोळ्या घातल्या जातात, तिलाही. (हो, तो जवाहिऱ्या अनुपम खेरच. मूळ कथेतही तो भारतीय माणूसच आहे.)

मला राग येतो तो याचा, की सगळे त्या दुकानापासून विचार करायला लागतात. त्याआधीच्या हाँगकाँगबद्दल कुणी काही विचारत नाही. कॉलेजातली पोरं देशभक्तीचं नाटक करतात, टाळ्या पडतात, आणि त्या भरात ठरतं की खऱ्या देशद्रोह्याला, तेव्हा तिथेच असलेल्या यीला, मारायचं. विवाहित बाईचं सोंग वठवायचं तर तिला अनुभव हवा. गटात अनुभव असलेला एकच मुलगा, तोही वेश्यांकडे जाऊन आलेला. मग त्याच्याबरोबर तिची तालीम होते. बाकीचे बाहेर बसतात. ज्या क्वांगवर तिचा जीव आहे, तो क्वांगसुद्धा गप्प बसतो. आणि एवढं झाल्यावर यी शांघायला निघून जातो. सगळं फुकट. या मुलांना तुम्ही एकदाही विचारत नाही, की बाबांनो, तुमचं तिच्यावर प्रेम होतं का?

ती तिथून निघून गेली होती. तीन वर्षांनी शोधत आले ते हेच लोक.

आता वूबद्दल. क्वांगच्या वरचा हा माणूस, जपानशी लढणाऱ्या चुंगकिंगच्या राष्ट्रवादी चिनी सरकारचा. कामाला लागण्याआधी ती त्याच्याकडे इंग्लंडमधल्या वडिलांसाठी पत्र देते. तो ते घेतो, आणि ती गेल्यावर जाळून टाकतो. पुढे एकदा ती त्याच्यासमोर मन मोकळं करते. सिनेमातलं सगळ्यात धाडसी दृश्य माझ्या लेखी हेच. ती सांगते की हा माणूस नुसता माझ्या शरीरात शिरत नाही, सापासारखा काळजापर्यंत शिरत चाललाय. तो मला रक्त येईस्तोवर दुखावतो तेव्हाच त्याला आपण जिवंत आहोत असं वाटतं. अशा वेळी तुम्ही आत घुसून त्याच्या डोक्यात गोळी घालाल आणि त्याचा मेंदू माझ्या अंगावर उडेल, असं मला वाटत राहतं. वू ओरडून तिला गप्प करतो आणि निघून जातो. तिनं आगाऊ सूचना दिली होती हो! मी आता टिकणार नाही, हे याहून स्पष्ट कुणी कसं सांगायचं?

वूला खलनायक करायचं नाही मला. त्याची बायको आणि दोन मुलं यीनंच मारली आहेत, आणि तरी तो यीबरोबर एका टेबलावर जेवू शकला. हेरानं असंच असायला हवं, हे तो मनापासून मानतो. पण शेवटी गोळ्या घालायला खाणीच्या काठावर गुडघे टेकून बसवलेल्यांत वू नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही ठासून सांगत होते की ते प्रेमच. अंगठी तिच्या बोटात बघताना यी झालेल्या टोनी ल्युंगचे डोळे बघा, असं मीच लोकांना म्हणायचे. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं: पहिल्या खेपेला ज्यानं पट्ट्यानं मारलं, हात बांधले, त्याची एक नजर तुला पुरली? तेव्हाची मी उलट विचारते: मग जपानी खानावळीत वाँग गाते तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ते काय होतं? ते दृश्य मला अजून हलवतं, हे नाकारत नाही. वाँगला वाटतं, त्यानं आपल्याला इथे वेश्या म्हणून आणलंय. तो म्हणतो, वेश्या कसं व्हायचं ते मला तुझ्याहून जास्त कळतं. आपण जपान्यांचे कोण आहोत, ते त्यानं ओळखलंय. दिवसभर जो तळघरात माणसं मारतो त्याच्यासाठी माझ्या पोटात कालवतं, याचा मला त्रास होतो. तो त्रास मी अजून मिटवलेला नाही.

सिनेमावरचे आक्षेप मला माहीत नाहीत असं समजू नका. २००७ मध्ये व्हेनिसला त्याला गोल्डन लायन मिळालं, आणि चीनमध्ये अनेकांनी त्याला देशद्रोह्याचं उदात्तीकरण म्हटलं. त्यातला एक आक्षेप मला मान्य करावा लागतो. या कथेची प्रेरणा झेंग पिंगरू मानली जाते. तिनं १९३९ च्या डिसेंबरमध्ये डिंग मोचुन या हेरखात्याच्या प्रमुखाला शांघायमधल्या एका फरच्या दुकानात नेलं होतं. डिंगला स्वतःलाच संशय आला आणि तो पळाला. तिनं त्याला सावध केलं नव्हतं. १९४० मध्ये तिला गोळ्या घातल्या. आपल्या घरातल्या हुतात्म्याच्या गोष्टीत अशी फितुरी घातलेली बघून तिच्या माणसांना काय वाटलं असेल? कलावंताचं स्वातंत्र्य वगैरे मी त्यांना ऐकवणार नाही.

मूळ कथेची लेखिका आयलीन चँगनं आपल्याच नवऱ्याची वकिली केली, असंही म्हणतात. तिचा पहिला नवरा हू लानचेंग वांग जिंगवेईच्या त्याच जपानधार्जिण्या सरकारात होता, हे खरं. पण कथा वाचा ना. पन्नासच्या दशकात लिहायला घेतलेली ही कथा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस छापून आली, आणि तिच्यातला यी शेवटी रडत नाही. शिकारी आणि सावज यांचं आपलं नातं, आता ती कायमची आपली, अशी त्याची समजूत आहे. तिच्या मरणाचाही तो आपल्या मोठेपणात हिशेब धरतो. याला वकिली म्हणत असाल तर काय बोलायचं? सिनेमानं वाँगच्या रिकाम्या पलंगावर बसवून त्याला हळवं केलं. इथे मी आंग लीच्या बाजूची नाही.

आणि शिक्षा कुणाला झाली? वाँगचं काम करणाऱ्या टँग वेईला. तिचा हा पहिलाच सिनेमा. २००८ मध्ये चीनच्या प्रसारमाध्यमांतून तिला हद्दपार केलं, जाहिरातसुद्धा उतरवली. पलंगावरच्या त्याच दृश्यांमध्ये असलेल्या टोनी ल्युंगला काही झालं नाही.

आता ज्या एका माणसाशी माझं यावरून कायमचं वाकडं आलं, त्याच्याबद्दल. माझा दादा. फौजेत होता. मी हौसेनं त्याला घरी बोलावून सिनेमा लावला. दुकानाच्या प्रसंगानंतर त्यानं पाणी मागितलं आणि मग शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. संपल्यावर मी नेहमीचं सांगू लागले, हाँगकाँग, पत्र, वू. तो म्हणाला, "माई, तू तिचं मन बघतेस. मी रस्त्यावर थांबलेली पोरं बघत होतो." मी म्हटलं, "त्याच पोरांनी तिला त्या पलंगावर धाडलं होतं, दादा." तो म्हणाला, "मग नाही म्हणायचं होतं. गप्प राहून काम घ्यायचं आणि शेवटच्या मिनिटाला दुसऱ्यांच्या जिवावर दया दाखवायची, हे नाही चालत." मी चिडून म्हटलं, "तुला बाईचं दुःखच दिसत नाही." तेव्हा त्यानं जे सांगितलं ते त्याआधी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या गस्तीची वाट कुणीतरी आधीच कळवली होती. कुणी ते कळलं, का तेही कळलं. घरच्यांच्या जिवावर बेतलेला एक गरीब माणूस होता तो. "मला त्याचं कारण पटलं होतं," दादा म्हणाला. "पण ज्यांना मी उचलून आणलं, त्यांच्या आईला ते सांगू शकलो नाही."

मी त्याचा हात धरायला गेले. त्यानं सोडवून घेतला. त्यानंतर आम्ही एकत्र सिनेमा पाहिलेला नाही. हा विषय निघाला की वहिनी मला डोळ्यांनी खुणावते.

म्हणून जेव्हा कुणी मला विचारतं, "म्हणजे तुम्ही तिला निर्दोष मानता?", तेव्हा घशात आवंढा येतो. नाही मानत. तिच्या एका शब्दानं मुलं मेली. त्यांच्यात एक मुलगीही होती, तिचं नावसुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही. तरीही तो शब्द तिच्या तोंडी कुणी आणला याची चौकशी दुकानाच्या दारातच थांबवायला मी तयार नाही. दादाला हे पटलेलं नाही. मला त्याचं पटतं, आणि तरी माझं मत बदलत नाही.

शेवटचं: "ती पलंगावरची दृश्यं पुढे ढकलून पाहिलं तर चालेल का?" नाही चालणार. चीनमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत ती कापली होती. पहिल्या वेळची मारहाण, पुढे तिचा बदलत गेलेला चेहरा, भिंतीवरच्या त्याच्या पिस्तुलाकडे गेलेली तिची नजर आणि मग त्याच्या तोंडावर तिनं दाबलेली उशी, हे पाहिलंच नाही तर वूसमोर ती काय बोलते ते तुम्हाला कांगावा वाटेल. पूर्ण पाहा, मग भांडायला या. दादाची बाजू घेऊन आलात तरी चालेल.