शेकर 48 तासांसाठीच मिळेल

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतली काळी माती आणली, वाळवली, स्टार्च केसीन अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, पसरवली. खडूसारख्या कोरड्या, अगारात रुतून बसलेल्या स्ट्रेप्टोमायसीस या मातीतल्या तंतुमय जिवाणूच्या कॉलनी मिळाल्या. त्यातल्या एकीने स्टॅफिलोकोकस ऑरियस या रोगकारक जिवाणूची वाढ रोखलीही. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते शेकरच्या, म्हणजे ठरावीक तापमानाला फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्राच्या, अर्जावर. नागपुरात मी जिथे काम करत होते, तिथे इन्क्युबेटर शेकर एका वेळी 48 तासच द्यायचे. ई. कोलायसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूला तेवढे पुष्कळ होतात. स्ट्रेप्टोमायसीस आधी नुसता वाढतो, तंतू पसरतो. माध्यमातली साखर, फॉस्फेट संपत आलं, वाढ मंदावली, की मग कुठे प्रतिजैविक बनवायला घेतो. त्यात बरेचदा चार-पाच दिवस सहज जातात. म्हणजे त्याचं खरं काम सुरू व्हायच्या आतच माझा फ्लास्क बाहेर! गाळलेल्या द्रवाला झोन, म्हणजे भोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ, कुठून येणार? आणि फ्लास्क टेबलावर ठेवून भागत नाही. या जिवाला सतत प्राणवायू लागतो, त्यासाठीच तर हलवायचं. शिवाय नवतप्यात, मेअखेरच्या ऐन उन्हाळ्यात, टेबलावर 28 अंश आणायचे कुठून?

"अर्जात मुदतवाढीचा रकाना नाही," एवढंच उत्तर. सही करणारे सर कधी रजेवर, कधी मीटिंगमध्ये. मला त्याचा अजून राग येतो. जीव कोणता आहे हे न विचारताच तास ठरवायचे, ही कुठली पद्धत?

शेवटी मी कागदावर दोन रेघांचा आलेख काढला. एक वाढीची, दुसरी प्रतिजैविकाची. पहिली सपाट होते तेव्हा दुसरी चढते. खाली लिहिलं, 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक मिळालं तेही स्ट्रेप्टोमायसीसच्याच ग्रिसियस या जातीपासून. तो अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला, आठवडाभरासाठी. झोन असा स्वच्छ आला की मी प्लेट अख्ख्या डिपार्टमेंटला दाखवत फिरले.

तेव्हा आलेख पहिल्याच अर्जाला जोडा. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिलीच माध्यम घाला, हवेला जागा हवी. ग्लुकोज भरमसाट नको, त्याने बऱ्याच प्रतिजैविकांची निर्मिती दबते. स्टार्च आणि सोयाबीनचं पीठ हळूहळू वापरलं जातं, ते बरं. प्लेटच्या अगारात पाडलेल्या एका वेलमध्ये (खळग्यात) नुसतं माध्यम ठेवा, म्हणजे झोन माध्यमामुळे आला अशी शंका कुणी काढणार नाही. आणि हो, माती पसरवतानाच अगारमध्ये सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशीरोधक घाला, नाहीतर बुरशीच सगळी प्लेट व्यापते.